दिवाणखान्यातला राउटर आणि आतल्या खोलीतले इंटरनेट

‘आमच्याकडे नेट चालत नाही’ या एका वाक्यात निदान तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. रस्त्यावरच्या खांबावरून घरात आलेली फायबरची तार कुठेतरी तुटलेली असते. किंवा तार शाबूत असूनही सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेला आपल्या खात्याची ओळख पटलेली नसते. किंवा या दोन्ही गोष्टी सुरळीत असतात आणि राउटरपासून आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंतच्या पंचवीस-तीस फुटांत रेडिओलहरी अडखळत असतात. पहिल्या दोन तक्रारींसाठी कंपनीला किंवा केबलवाल्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नसते. तिसरी मात्र बहुतेक वेळा आपली आपल्यालाच सोडवता येते, आणि नातेवाइकांच्या व शेजाऱ्यांच्या ज्या ज्या घरांत मी हे काम करायला बसलो आहे, तिथे बहुतेक ठिकाणी दुखणे या तिसऱ्याच जागी निघाले आहे. लोक मात्र दर महिन्याला जास्त पैसे भरून मोठा प्लॅन घेतात, आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल होता तसाच अडत अडत चालतो. कोणते काम कोणता डबा करतो आणि बिघाड नेमका कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखता आले, तर हा खर्च आणि मनस्ताप दोन्ही टळतात. पुढचे सगळे विवेचन शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या, फायबरची जोडणी असलेल्या दोन-तीन खोल्यांच्या घराला समोर ठेवून केले आहे.

कंपनीची हद्द कुठे संपते

जोडणी घेतली की कंपनीचा माणूस केसाएवढ्या जाडीचा काचेचा तंतू असलेली बारीक केबल घरात आणतो आणि ती एका लहान डब्यात खोचतो. या डब्याला ओएनटी म्हणतात. बोलण्यात त्याला मोडेम किंवा फायबरचा डबाही म्हटले जाते. प्रकाशाच्या रूपाने आलेली माहिती विजेच्या संकेतांत बदलणे आणि आपल्याकडून जाणारी माहिती पुन्हा प्रकाशात बदलणे, हे त्याचे मूळ काम. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घरातून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच तंतूतून एकमेकींना न अडवता होते. कंपनीकडून निघालेला एक तंतू वाटेत विभाजक लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, आणि घरांकडे येणारा सुमारे २.५ गिगाबिट प्रतिसेकंद एवढा एकूण वेग ती सगळी घरे मिळून वापरतात. ही वाटणी आपल्या हातात नाही, पण ती आहे हे माहीत असावे.

ओएनटीवरचे दोन दिवे ओळखता आले की अर्धे निदान झाले. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर प्रकाश व्यवस्थित पोहोचतो आहे. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाश पोहोचतच नाही. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काहीही साधत नाही, तक्रार नोंदवणे हाच उपाय. मात्र फोन करण्याआधी घरातली केबल एकदा नजरेखालून घालावी, कारण कपाटाच्या मागे दाबली गेलेली किंवा कोपऱ्यात काटकोनात मुडपलेली केबल हे याचे नेहमीचे कारण असते. काचेच्या तंतूला तीव्र वळण दिले की आतला प्रकाश बाहेर झिरपतो. जास्तीची केबल गुंडाळायची असेल, तर निदान चहाच्या बशीएवढे वेटोळे ठेवावे. हिरव्या टोकाचा जोड उपसून पाहू नये. त्याचे टोक आठ अंशांच्या कोनात घासलेले असते, त्यावर बोटाचा तेलकट ठसा किंवा धूळ बसली तरी संकेत क्षीण होतो, आणि त्यात डोकावणे डोळ्यांसाठीही बरे नाही.

राउटर खरोखर काय करतो

ओएनटीच्या पलीकडे आपली हद्द सुरू होते आणि तिच्या उंबऱ्यावर राउटर बसलेला असतो. दिसायला एक असलेला हा डबा प्रत्यक्षात चार कामे करतो, आणि ती वेगवेगळी समजून घेतली नाहीत तर सेटिंगच्या पानावरचा एकही शब्द उलगडत नाही.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच शक्य आहेत. जगाची लोकसंख्या याच्या जवळपास दुप्पट आहे आणि एकेका माणसाकडे दोन-तीन यंत्रे आहेत, तेव्हा हे पत्ते पुरणे शक्यच नव्हते. यावर जो तोडगा निघाला, त्याचा एक भाग म्हणजे फक्त घरात किंवा कार्यालयात चालणारे खासगी पत्ते. १९९६ साली पक्क्या झालेल्या नियमानुसार १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते कोणीही आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर मात्र ते चालणार नाहीत. म्हणूनच आपल्या घरात आणि शेजाऱ्याच्या घरात एकाच वेळी १९२.१६८.१.५ हा पत्ता असला तरी गोंधळ होत नाही.

घरातल्या मोबाइलला, टीव्हीला, लॅपटॉपला असे खासगी पत्ते नेमून देणे हे राउटरचे पहिले काम, आणि ते करणाऱ्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. कंपनीने आपल्या घराला बाहेरचा एकच पत्ता दिलेला असतो आणि घरातून एकाच वेळी वीस यंत्रे बाहेर बोलत असतात. सोसायटीच्या फाटकावरचा एखादा दक्ष रखवालदार जशी वहीत नोंद ठेवतो, तशी कोणत्या यंत्राने बाहेर काय मागवले याची नोंद राउटर ठेवतो. आतून निघालेल्या प्रत्येक मागणीवर तो घराचा बाहेरचा पत्ता घालतो आणि उत्तर आले की वहीत पाहून ते योग्य यंत्राकडे पोहोचवतो. याला नॅट असे नाव आहे. ज्याची नोंद वहीत नाही असे काही बाहेरून आले, तर ते कोणाला द्यायचे हेच ठाऊक नसल्यामुळे ते दारातच अडते, आणि त्यातून आपोआप थोडे संरक्षण मिळते. कोणाला आत सोडायचे व कोणाला नाही हे जाणूनबुजून ठरवणारी फायरवॉल ही त्याच्या जोडीची स्वतंत्र सोय. ती तिसरे काम करते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो आणि नॅटचा आडपडदा उरत नाही, म्हणून तिथे फायरवॉल चालू असणे अधिकच गरजेचे ठरते. ती बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये.

चौथे काम वायफायचे, आणि खरे पाहता त्याचा राउटर या शब्दाशी संबंधच नाही. वायफाय म्हणजे तारेऐवजी रेडिओलहरींनी केलेली जोडणी. राउटरमध्ये वायफाय नसले तरी तो राउटरच राहतो, आणि वायफाय देणारा डबा राउटर नसला तरी चालतो. घर मोठे असेल तेव्हा हा फरक फार उपयोगी पडतो.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. अनेक कंपन्या आता घरालाही खरा बाहेरचा पत्ता देत नाहीत; शेकडो ग्राहकांमध्ये मिळून एक पत्ता वापरतात आणि आपल्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारा मधला पत्ता देतात. रोजच्या वापरात त्याने काही बिघडत नाही. पण गावाकडच्या घरातल्या किंवा शेतावरच्या कॅमेऱ्याला बाहेरून थेट जोडून घ्यायचे असेल आणि राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची ठरावीक वाट, उघडूनही काहीच होत नसेल, तर कारण बहुधा हेच असते. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्थिर पत्ता घेणे किंवा कॅमेरा बनवणाऱ्याच्या सर्व्हरमार्फत पाहणे, एवढेच मार्ग मग उरतात.

जोडणी आणि पहिली सेटिंग

ओएनटीच्या लॅन (म्हणजे घराच्या बाजूच्या) पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या वॅन (म्हणजे बाहेरच्या बाजूच्या) पोर्टमध्ये लावायची. हा पोर्ट बहुतेक राउटरांवर वेगळ्या रंगाचा किंवा इतरांपासून थोडा सुटा असतो. घाईत ती केबल लॅन पोर्टमध्ये लागली की वायफाय दिसते, जोडलेही जाते, पण इंटरनेट मिळत नाही. नवा राउटर सदोष समजून परत करणाऱ्यांनी आधी एवढे तपासावे. अ‍ॅडाप्टर राउटरबरोबर आलेलाच वापरावा. पिन बसते म्हणून जुन्या सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडाप्टर लावू नये, कारण बारा व्होल्टच्या राउटरला नऊ व्होल्ट दिले तर तो मध्येच बंद पडत राहतो आणि नऊच्या जागी बारा दिले तर जळूही शकतो.

सेटिंग शक्यतो लॅपटॉपला केबल लावून करावी. मोबाइलवरूनही होते, पण वायफायचे नाव बदलले की त्याच क्षणी मोबाइलची जोडणी तुटते आणि आपण अर्ध्या वाटेवर अडकतो. राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, आणि पहिला पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते. इथे दोन पासवर्ड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वायफायला जोडून घेण्याचा, जो घरच्यांना आणि पाहुण्यांना सांगितला जातो. दुसरा या सेटिंगच्या पानाचा, जो कोणालाही सांगायचा नसतो. हा दुसरा पासवर्ड सर्वांत आधी बदलावा, इंटरनेट सुरू होण्याची वाट न पाहता.

पुढचा प्रश्न जोडणीच्या प्रकाराचा. काही कंपन्यांकडे केबल लावली की राउटरला आपोआप पत्ता मिळतो. काही ठिकाणी पीपीपीओई ही पद्धत असते, जिच्यात कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड राउटरमध्ये भरावा लागतो. हे नाव आपल्या मोबाइल क्रमांकाहून, ग्राहक क्रमांकाहून आणि वायफायच्या नावाहूनही वेगळे असते, म्हणून जोडणी देणाऱ्याकडून ते पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. स्थानिक केबलवाल्यांच्या जाळ्यात आणखी एक अडसर येतो: त्यांनी आपल्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक, आपल्या खात्याशी बांधून ठेवलेला असतो. राउटर बदलला की नाव-पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. अशा वेळी केबलवाल्याला फोन करून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा, किंवा नव्या राउटरला जुन्याचा क्रमांक धारण करायला सांगणारी सोय सेटिंगमध्ये असते ती वापरावी.

आजकाल कंपनीचा ओएनटीच राउटर आणि वायफाय यांचे कामही करतो. त्याच्यापुढे आपण विकत आणलेला राउटर तसाच लावला, की घरात दोन रखवालदार आणि दोन वह्या होतात. व्हिडिओ पाहण्यात अडचण येत नाही, पण दिवाणखान्यातल्या वायफायवरून आतल्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही, काही ऑनलाइन खेळ अडतात, आणि दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असला तर इंटरनेट अजिबात चालत नाही. यावर दोन उपाय आहेत. कंपनीला सांगून ओएनटी ‘ब्रिज’ पद्धतीने ठेवून घ्यावा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचे रूपांतर करील आणि बाकी सगळे आपला राउटर पाहील. किंवा उलट आपल्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ पद्धतीने ठेवावे, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. कंपनी पहिल्या उपायाला तयार नसेल, तर दुसरा निर्धास्तपणे निवडावा. सामान्य घराला त्याने काहीही कमी पडत नाही.

वायफाय: जागा, भिंती आणि हवा

राउटर कुठे ठेवायचा हे बहुतेक घरांत वायरमन ठरवतो. जिथे खिडकीतून केबल आली तिथेच तो डबा लावतो, आणि मग टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या शेजारी किंवा दाराच्या वरच्या माळ्यावर तो वर्षानुवर्षे राहतो. वायफायच्या लहरी धातूतून पलीकडे जात नाहीत. आरशाच्या मागचा मुलामाही धातूचाच, त्यामुळे मोठा आरसा त्यांना अडवतो; पाण्याची टाकी त्या लहरी शोषून घेते; आणि सळया घातलेल्या काँक्रीटची भिंत नुसत्या विटांच्या भिंतीहून बरीच जास्त अडथळा करते. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंतींपुढे तर कितीही महागडा राउटर हतबल होतो. राउटर घराच्या मध्याजवळ, छातीपेक्षा उंच जागी आणि उघड्यावर असावा, हा सल्ला साधा वाटतो, पण शंभर-दीडशे रुपयांची लांब केबल घेऊन राउटर बाहेरच्या भिंतीवरून मधल्या पॅसेजमध्ये हलवला आणि घरभराची तक्रार मिटली, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

घरगुती राउटर सहसा लहरींच्या दोन पट्ट्यांत बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. त्या भिंती तुलनेने सहज ओलांडतात, पण त्यांचा वेग कमी आणि त्या पट्टीत गर्दी फार. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि आख्ख्या इमारतीचे राउटर तिथेच असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्याच्या निम्म्याहून थोड्या आखूड असतात. त्यांचा वेग बराच जास्त, हवा मोकळी, पण दुसऱ्या भिंतीपाशीच त्या थकतात. राउटर असलेल्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४ हे बहुतेक यंत्रे आपोआप निवडतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावे, असे माझे मत आहे. अपवाद स्वस्त वायफाय बल्ब आणि प्लग यांचा: त्यांना फक्त २.४ समजते आणि दोन्ही नावे सारखी असली की काही वेळा त्यांची पहिली जोडणी होत नाही. तेवढ्यापुरते ५ बंद करून जोडणी झाली की पुन्हा चालू करता येते.

२.४ च्या पट्टीत आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींपासून फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आणि प्रत्येकीची रुंदी मात्र सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणजे शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर पसरलेल्या असतात. एकमेकींना न छेदणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ या तीनच उरतात. शेजाऱ्याचा राउटर ६ वर असेल तर आपण ५ निवडून सुटत नाही. उलट दोघांचाही तोटा करतो, कारण एकाच वाहिनीवरचे राउटर निदान एकमेकांचे ऐकून पाळी पाळतात, आणि अर्धवट एकमेकांवर आलेले राउटर एकमेकांना नुसता गोंगाट समजतात. दाट वस्तीत २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी. राउटर देश विचारील तिथे भारत निवडावा, कारण कोणत्या वाहिन्या आणि किती शक्ती वापरता येईल हे देशागणिक ठरते. अमेरिकेतून कोणी राउटर आणला असेल, तर तो २.४ मध्ये ११ वाहिन्यांपुरताच बांधलेला असतो, एवढे लक्षात ठेवावे. आपल्याला १, ६ आणि ११ च हव्या असल्यामुळे त्यात काही गमावले जात नाही.

मोबाइलवरच्या काड्यांपेक्षा संकेताचा आकडा जास्त खरे सांगतो. वायफाय तपासणारी मोफत अ‍ॅप तो डीबीएम या संकेताच्या शक्तीच्या मापात, उणे चिन्ह लावून दाखवतात. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा हवा. उणे ८० ला जोडणी नावापुरती असते. यातला प्रत्येक १० चा फरक म्हणजे शक्तीतला दहापट फरक, त्यामुळे उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपट अंतर आहे. हा आकडा घेऊन घरभर एक फेरी मारली, की राउटर कुठे हलवायचा ते कोणाला विचारावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. वायफायमध्ये साधारणपणे एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. लांबच्या खोलीतला जुना मोबाइल क्षीण संकेतामुळे हळूहळू बोलतो, तेवढा सगळा वेळ हवा अडवून धरतो, आणि राउटरशेजारी बसलेल्या नव्या लॅपटॉपलाही थांबावे लागते. म्हणून जे यंत्र हलत नाही, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, त्याला तार लावावी. त्याचा फायदा त्या यंत्राला होतोच, पण हवा मोकळी झाल्यामुळे बाकीच्या सगळ्यांना त्याहून जास्त होतो.

रिपीटर की तार

लांबच्या खोलीसाठी दुकानदार पहिल्यांदा रिपीटर दाखवतो. प्लगमध्ये लावायचा हा छोटा डबा राउटरकडून ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. दोन्ही कामे एकाच रेडिओवर होत असतील, तर वेग जवळपास निम्मा होतो, आणि तो डबा जिथे मुळातच संकेत नाही अशा खोलीत लावला तर त्याला पुढे सांगण्यासारखे काही मिळतच नाही. लावायचाच असेल तर तो अर्ध्या वाटेवर लावावा. मेश नावाने मिळणारे दोन-तीन डब्यांचे संच याहून बरेच सरस असतात, विशेषतः डब्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असेल तर.

पण भिंतीवरून केसिंग पट्टी टाकून एक लॅन केबल आतल्या खोलीत नेणे आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे, याला तोड नाही. घरात रंगकाम किंवा फरशीचे काम निघाले असेल, तर तीच संधी साधावी. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, पण ती ठिसूळ असते आणि काही वर्षांत जोड सुटतात. लॅन केबल विजेच्या तारांच्या पाइपमधून नेऊ नये. कॅट ५ई किंवा कॅट ६ या वर्गाची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, मात्र त्यासाठी तिच्यातल्या आठही तारा नीट जोडलेल्या असाव्या लागतात. चारच तारा लागल्या असतील तर वेग निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरतो आणि कोणताही इशारा मिळत नाही. ३०० मेगाबिटचा प्लॅन घेऊन ९४-९५ च्या पुढे आकडा जात नसेल, तर संशय याच केबलवर किंवा राउटरच्या १०० मेगाबिटच्या पोर्टवर घ्यावा. स्वस्त राउटरांच्या खोक्यावर १२०० असा आकडा मोठा छापलेला असतो आणि आतला वॅन पोर्ट १०० चाच असतो. खरेदीआधी हे पाहिलेच पाहिजे.

वेगाबद्दल आणखी एक घोटाळा असतो. कंपनी मेगाबिट मोजते आणि फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर साडेबारा मेगाबाइट प्रतिसेकंद हाच पूर्ण वेग आहे. कंपनी कमी वेग देते अशी तक्रार करण्याआधी चाचणी केबल लावून करावी; वायफायवरची चाचणी कंपनीची नव्हे, आपल्या भिंतींची परीक्षा असते.

कुलूप

राउटर हे घराचे दार आहे, आणि त्याचे मूळ पासवर्ड जगजाहीर असतात. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कंपन्यांनी दिलेले साठेक मूळ पासवर्ड एकामागून एक वापरून पाहत जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डाइन (Dyn) या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर एवढा मारा केला की ट्विटरसारखी संकेतस्थळे अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास उघडेनात. पुढच्याच वर्षी जुलैत भारतात बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्याला बळी पडले होते, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. ‘माझ्या घरात चोरण्यासारखे काय आहे’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. हल्लेखोराला आपली माहिती नको असली, तरी आपला राउटर हवा असतो.

डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडून घेण्याची सोय बंद करावी. तिच्या पिनमधला शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, म्हणजे खरे आकडे सात आणि शक्यता एक कोटी. पण राउटर आधी पहिले चार आकडे बरोबर की चूक ते सांगतो आणि मग उरलेले तीन तपासतो. त्यामुळे दहा हजार आणि एक हजार मिळून अवघे ११,००० प्रयत्न पुरतात. ही त्रुटी २०११ साली उघड झाली आणि तरीही ती सोय अनेक राउटरांत चालू स्थितीत येते. वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ ही पद्धत निवडावी, जुनी यंत्रे जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचे मिश्रण चालेल; त्याहून जुने काहीही नको. पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर तो लक्षातही राहतो आणि ओळखताही येत नाही. घराचे नाव, मोबाइल क्रमांक आणि देवाचे नाव पुढे १२३ जोडून, हे तीन प्रकार मात्र टाळावेत.

पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय चालू करावे आणि त्यावरच टीव्ही, बल्ब, कॅमेरे हीसुद्धा जोडावीत, म्हणजे त्यांच्यातले एखादे बिघडले तरी बँकेचे व्यवहार होणाऱ्या मोबाइलपर्यंत ते पोहोचत नाही. बाहेरून सेटिंगचे पान उघडण्याची सोय बंद असावी. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतला प्रोग्रॅम, आपोआप अद्ययावत होत असेल तर तसे ठेवावे. होत नसेल तर दोन-तीन महिन्यांनी स्वतः पाहावे.

वीज गेली तर

भारनियमनात किंवा पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा फायबर बहुतेकदा जिवंतच असते, मेलेले असतात ते आपले दोन डबे. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना दोन-तीन तास चालवतो. ओएनटी आणि राउटर दोघांनाही पुरेल असा, दोन तारा निघणारा घ्यावा, आणि दोघांचे अँपिअर बेरीज करून पाहावेत. विजांच्या दिवसांत एक काळजी आणखी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण काही गावांत केबलवाले शेवटचे शे-दोनशे फूट गच्चीवरून तांब्याची लॅन केबल आणतात; जवळ वीज पडली की तिच्यातून आलेला झटका राउटरचा वॅन पोर्ट जाळतो. अशी जोडणी असेल तर कडकडाट सुरू होताच प्लगबरोबर ती केबलही काढून ठेवावी.

बिघाड झालाच तर दारापासून आत यावे: ओएनटीवरचा लाल दिवा, मग राउटरचा इंटरनेटचा दिवा, मग केबल लावलेला लॅपटॉप, आणि सर्वांत शेवटी वायफाय. बंद-चालू करताना आधी ओएनटी लावून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच राउटर लावावा. मागचे बारीक छिद्रातले रीसेटचे बटण मात्र टाचणीने दाबण्याची घाई करू नये. ते दहा सेकंद दाबले की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, पीपीपीओईचे नाव-पासवर्डही पुसले जाते, आणि रविवारी संध्याकाळी ते सांगणारा कोणी भेटत नाही. आमच्या घरी एका पुठ्ठ्यावर ग्राहक क्रमांक, पीपीपीओईचे नाव व पासवर्ड, सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि तक्रारीचा फोन क्रमांक लिहून तो मीटरच्या पेटीशेजारच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवला आहे. मी घरी नसताना आईने फोनवरून विचारत विचारत दोनदा जोडणी पुन्हा सुरू केली, ती या पुठ्ठ्यावरूनच.